गर्भगृहातील गाळ आणि खिशातील घंटा



काशीत मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट आहे. काशीयात्रेला गेलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून आपलेपणा वाटतो. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई, माहेरच्या कागलच्या घाटगे, यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवला. बांधकाम भव्य होते. इतके भव्य, की त्याचा भार नदीकाठच्या मातीला पेलवला नाही आणि घाट खचला. पुढे विसाव्या शतकात त्याची पुन्हा उभारणी झाली. याच घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. हे देऊळ एका बाजूला कललेले आहे. नावेतून जाणारे यात्रेकरू त्याकडे बोट दाखवतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात.

त्या कललेल्या शिखरापेक्षा साधकाने विचार करावा तो आतल्या गर्भगृहाचा. वर्षाचा बराच काळ ते पाण्याखाली असते. पावसाळ्यात गंगा चढली की देवळाचा मोठा भाग बुडतो. पाणी ओसरते तेव्हा आत गाळ राहिलेला असतो. शिखर शाबूत आहे, दगडावरचे कोरीवकाम शाबूत आहे, देवही आहे तिथेच आहे. पण गाळ उपसल्याशिवाय देवापर्यंत पोहोचता येत नाही. हा गाळ कोणी वैऱ्याने टोपल्या भरभरून आणून टाकलेला नाही. पाणी येते, थांबते, निघून जाते आणि जाताना मुठभर माती मागे ठेवते. इतकेच घडते, पण ते पुन्हा पुन्हा घडते.

आज आपल्या मनाच्या गर्भगृहाचे नेमके असेच झाले आहे. म्हणून आजचा विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटेल असा आहे : आपल्या मोबाईलवर दिवसभर येणाऱ्या, आपण न मागितलेल्या सूचना. ज्यांना आपण सगळेच ‘नोटिफिकेशन’ म्हणतो.

पहाटेची वेळ आठवा. स्नान झाले, आसन घातले, माळ हातात घेतली. दहा-बारा मणी सरले नाहीत तोच शेजारी ठेवलेला फोन ‘टिंग’ करतो. कोणी तरी सांगत असते की आज रात्री बारापर्यंतच पन्नास टक्के सूट आहे. थोड्या वेळाने दुसरा आवाज : आपल्याला कर्ज मंजूर झाले आहे. जे आपण मागितलेलेच नव्हते! मग तिसरा : तुम्ही पाहिलेली साडी अजून तुमची वाट पाहत आहे. चौथा तर कमालच करतो. घरी जेवण पोहोचवणारे एखादे ॲप म्हणते, “बरेच दिवस झाले, आम्हाला तुमची आठवण येते.”

रत्नेश्वराच्या त्या देवळाला लोक ‘मातृऋण महादेव’ असेही म्हणतात. आख्यायिका अशी, की एकाने आपल्या आईसाठी हे देऊळ बांधले आणि अभिमानाने म्हणाला, “आई, आता तुझे ऋण फिटले.” त्याने असे म्हणताच देऊळ कलले. आईचे ऋण कधी फिटते का? आख्यायिकेचा इतिहास काय आहे हे बाजूला ठेवू, तिचा अर्थ मात्र मनाला भिडतो. जिला खरोखर आपली आठवण येते ती आई स्वयंपाकघरातून काही सांगत असते. आणि ज्याला आठवण येणे शक्यच नाही अशा यंत्राच्या हाकेला आपण तिचे वाक्य अर्धवट तोडून ‘ओ’ देतो. “हं, बोल, ऐकतोय,” असे म्हणतो, पण डोळे काचेवर असतात. तिलाही ते कळते. ती बोलणे आवरते घेते. असे शंभरदा झाले की ती सांगायचेच सोडून देते.

कोणी म्हणेल, यात एवढे काय? आवाज आला, दुर्लक्ष केले, झाले. पण मन इतके सरळ नाही. २०१५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाग्रतेची गरज असलेले काम लोकांना दिले आणि काम चालू असताना त्यांच्या फोनवर सूचना किंवा कॉल येऊ दिले. ज्यांनी फोनला हातही लावला नाही, त्यांच्याही कामात चुका वाढल्या. म्हणजे सूचना वाचली नाही तरी तिने आपले काम केलेले असते. ‘कोणाचे असेल बरे?’ एवढा एक प्रश्न मनात सोडून ती निघून जाते. तोच गाळ.

ही चिडचिड आपला दोष आहे का?

पुष्कळ साधकांना वाटते, ‘मला याचा राग येतो म्हणजे माझीच सहनशीलता कमी पडते.’ असे समजण्याचे कारण नाही. या हाका अपघाताने येत नाहीत. अनेक ऑनलाइन सेवा आपल्याकडून पैसे घेत नाहीत. त्या आपले लक्ष घेतात आणि ते जाहिरातदारांना विकतात. आपण जितक्या वेळा परत येऊ, जितका वेळ थांबू, तितकी त्यांची कमाई. म्हणून फोन उघडण्याचे काहीतरी निमित्त आपल्याला सतत दिले जाते. लाल ठिपका, आकडा, घाई, भीती, कुतूहल ही सगळी त्याचीच साधने आहेत.

शासनानेही ही गोष्ट ओळखली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला नकळत फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात अशा १३ युक्त्यांची यादी आहे. खोटी घाई निर्माण करणे ही त्यातील एक. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये वापरणे ही दुसरी. आणि सतत पिच्छा पुरवून, पुन्हा पुन्हा विचारून माणसाला बेजार करणे हीसुद्धा त्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. आपल्या घरातील मोठी माणसे ज्याला ‘भुणभुण’ म्हणतात, त्याची दखल आता नियमाने घेतली आहे.

तरीही कायदा दारापर्यंतच येतो. कडी आतून लावायची असते, आणि ती आपल्यालाच लावावी लागते. अध्यात्माचा प्रश्न इथून सुरू होतो.

घंटा कशासाठी वाजवतात?

आपल्या परंपरेला आवाजाचे वावडे कधीच नव्हते. पहाटे काकड आरती होते, वासुदेव चिपळ्या वाजवत दारात येतो, गावात दवंडी पिटली जाते, देवळात पाऊल टाकताच हात घंटेकडे जातो. पूजेच्या आरंभी आपण घंटा वाजवतो तेव्हाची भावना आठवा : देवतांचे आगमन व्हावे आणि आसुरी शक्तींनी येथून निघून जावे. एकाच नादाची दोन कामे आहेत. जे हवे त्याला आत घेणे आणि जे नको त्याला बाहेर काढणे.

आता खिशातील घंटेकडे पाहा. ती वाजते आणि मनात बसलेला देव बाहेर जातो. लोभ, मत्सर, धास्ती आत येतात. शेजाऱ्याची नवी गाडी आत येते, कोणाचे तरी भांडण आत येते, न परवडणारी वस्तू आत येते. नाद तोच, फळ उलटे. शिवाय एक मोठा फरक आहे. पूजेची घंटा आपल्या हातात असते. ती केव्हा वाजवायची हे आपण ठरवतो. खिशातील घंटेची दोरी मात्र दूर कुठेतरी, आपण कधीही न पाहिलेल्या माणसांच्या हातात आहे. दिवसातून पन्नास वेळा दुसऱ्याच्या दोरीने हलणाऱ्या माणसाने स्वतःला स्वतंत्र कसे म्हणावे?

भगवद्गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव सर्व बाजूंनी आपले अवयव आत ओढून घेते, तसा जो इंद्रियांना विषयांपासून आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर होते, असे भगवंत सांगतात. कासव जगावर रागावलेले नसते. त्याने पाय कायमचे तोडूनही टाकलेले नसतात. चालायचे तेव्हा ते चालते, आत घ्यायचे तेव्हा आत घेते. इंद्रियांवरचा हा ताबा म्हणजेच योगशास्त्रातील प्रत्याहार. धारणा आणि ध्यान त्याच्या पुढच्या पायऱ्या आहेत. प्रत्याहाराची पायरी गाळून ध्यानाला बसणारा माणूस म्हणजे पूर चालू असताना गर्भगृह झाडायला निघालेला माणूस.

एका पैचा हिशेब

संत एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक निघाली. ती शोधण्यासाठी नाथ रात्रभर दिव्याशेजारी बसले. गुरू मागे येऊन उभे राहिले तरी त्यांना कळले नाही. चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर इतका आनंद. मग संसाराच्या हिशेबातील मोठी चूक सापडली तर किती होईल! हीच एकाग्रता देवाकडे लाव.

या गोष्टीत गुरूंनी नाथांना एकाग्रता शिकवली नाही. ती त्यांच्याजवळ होतीच. गुरूंनी फक्त तिचे तोंड वळवले. आज आपली अडचण त्याही अगोदरची आहे. वळवायला एकाग्रता शिल्लक तर हवी! रात्रभराचे राहू द्या, अर्धा तास एका कामाला सलग चिकटून राहण्याची सवय आपल्यात आणि आपल्या मुलांत किती उरली आहे, हे प्रत्येकाने स्वतःच तपासावे.

पैठणला एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय लिहून नाथ काशीला गेले आणि उरलेला ग्रंथ त्यांनी काशीतच १५७३ साली पूर्ण केला. ज्या नगरीच्या शिंदे घाटाविषयी आपण बोलत आहोत तीच ही नगरी. काशी तेव्हाही शांत नव्हती. घाटांवर गर्दी होती, घंटा होत्या, वादविवाद होते. पण बाहेरच्या गजबजाटात राहूनही आत दार लावता येते, हे नाथांनी दाखवून दिले. त्यांच्या त्या बसण्यातून मराठीला एकनाथी भागवत मिळाले.

एका गावाने कडी लावली

‘हे संतांना जमले, आम्हाला कसे जमणार?’ असे वाटत असेल तर सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याकडे पाहा. मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आल्या आणि नंतर शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातातून मोबाईल सुटेना. मोठ्यांचीही तीच गत. ऑगस्ट २०२२ मध्ये गावातील महिलांची सभा झाली आणि भोंगा विकत घ्यायचे ठरले. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. संध्याकाळी सातला गावच्या देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो आणि वेळ संपते. केवळ दीड तास.

या उपक्रमातून आपण साधकांनी शिकण्यासारखे बरेच आहे. गावाने आवाज बंद केला नाही. शंभर परक्या आवाजांच्या जागी स्वतः ठरवलेला एक आवाज आणला. तो केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार हे सर्वांना माहीत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ते एकट्या-दुकट्याने केले नाही. घरात वडील फोन पाहत असताना मुलाला ‘ठेव तो मोबाईल’ म्हणण्यात काही अर्थ नसतो. सगळे एकदम ठेवतात तेव्हा कोणालाच आपण काही गमावत आहोत असे वाटत नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, गाळ उपसणे. एका रविवारी घरातील सर्वांनी आपापले फोन घेऊन बसावे. नको असलेली सूचना आली की ती नुसती बाजूला सारू नये. बहुतेक फोनमध्ये तिच्यावर बोट थोडा वेळ दाबून धरले की ती कायमची बंद करण्याचा पर्याय दिसतो. फोनच्या सेटिंगमध्ये सर्व ॲपची यादी एकत्रही पाहता येते. २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला सूचना पाठवण्यापूर्वी आपली परवानगी मागावी लागते. घाईघाईत ‘होय’ दाबण्याची सवय तेवढी मोडायला हवी. जाहिरातींचे फोन आणि एसएमएस नको असतील तर १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करता येते. ती केल्यावरही बँकेचे व्यवहाराचे संदेश येत राहतात, त्यामुळे काळजीचे कारण नाही. ॲपच्या सूचना मात्र या नोंदणीने थांबत नाहीत. त्या फोनमध्येच बंद कराव्या लागतात. घरातील वृद्धांच्या फोनमध्ये हे काम नातवंडांनी करून द्यावे. ‘कर्ज मंजूर’, ‘बक्षीस लागले’ असल्या संदेशांनी सर्वांत जास्त गोंधळतात ते तेच. हीसुद्धा सेवाच आहे.

दुसरी गोष्ट, विवेक. सगळ्याच सूचना वाईट नाहीत. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश, पुराचा इशारा, रक्ताची तातडीची गरज, दूरदेशी असलेल्या मुलीचा फोन यांना दार उघडेच हवे. उलट, त्यांच्यासाठीच बाकीच्यांना दार बंद करायचे आहे. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखर आला होता, पण ओरडण्याला कंटाळलेले गाव धावले नाही. शंभर खोट्या हाकांना कंटाळलेला माणूस एक खरी हाकही चुकवतो.

तिसरी गोष्ट थोडी बोचेल, पण सांगायला हवी. आपण स्वतः कोणासाठी नकोसे नोटिफिकेशन झालो आहोत का? सकाळी उठल्याबरोबर देवाचे चित्र आणि सुविचार पन्नास जणांना पाठवला की सत्कर्म झाले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पाठवणाऱ्याने तो विचार आचरला का? वाचणाऱ्याला तो हवा होता का? सत्संगाच्या गटावर सूचना एक असते आणि तिच्यावर ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’, हात जोडलेली चित्रे ऐंशी येतात. ज्याचा जप सुरू आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस झोपले आहे, त्याच्या शेजारी आपण ऐंशी वेळा घंटा वाजवत असतो. दुसऱ्याची शांतता मोडणे हीही एक प्रकारची हिंसाच आहे. धर्माच्या नावाने केली म्हणून ती पुण्य होत नाही.

चौथी गोष्ट, आतल्या घंटा. सगळे बंद करून बसल्यावर पहिले काही दिवस मन अधिकच बेचैन होते. फोन वाजलेला नसतानाही वाजल्यासारखा वाटतो. हात आपोआप खिशाकडे जातो. तेव्हा समजावे की बाहेरचे पाणी ओसरले आहे आणि आतला गाळ आता दिसू लागला आहे. घाबरू नये. मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, अशी तक्रार अर्जुनानेही केली होती. भगवंतांनी ती नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. दररोज ठरलेल्या वेळी बसणे हा अभ्यास, आणि ‘हे मला नको’ असे शांतपणे म्हणता येणे हे वैराग्य.

शिंदे घाटाच्या पायऱ्यांवरून मणिकर्णिकेचा धूर दिसतो. तिथल्या चिता रात्रंदिवस जळत असतात. ज्याला ती शेवटची हाक येते, त्याला ती बाजूला सारता येत नाही आणि ‘नंतर पाहू’ही म्हणता येत नाही. त्या दिवशी कोणी विचारणार नाही की आपल्या किती सूचना वाचायच्या राहिल्या. राहिलेले असेल तर ते आईचे अर्धवट तुटलेले वाक्य, मुलाने दाखवायला आणलेली आणि आपण न पाहिलेली वही, आणि रोज उद्यावर ढकललेली माळ.

म्हणून आज एवढाच संकल्प करूया. संध्याकाळचा एक तास, घरातील सर्वांचे फोन एका जागी, आवाज बंद. देवापुढे दिवा, हातात माळ किंवा पुस्तक, आणि शेजारी आपली माणसे. घंटा वाजवायचीच तर देवघरातील वाजवावी, आपल्या हाताने. रोज थोडा थोडा साचलेला गाळ रोज थोडा थोडाच निघेल. पण आतला देव कुठेही गेलेला नाही, हे विसरू नये.